भिजलेली गाठ

राधानगरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेतल्या बाईंनी विचारलंय : "दरवर्षी गॅदरिंगला मुलांचं नाटक बसवते. साहित्याला पैसे नसतात, त्याचं फार काही वाटत नाही. पण आता सुचायचंच थांबलंय. तुम्ही पोतं, शिडी, दोरी असल्या वस्तूंतून प्रसंग उभे करता. हे सुचतं कसं? शिकता येतं का? आणि मुलं स्टेजवर वाक्य विसरली की त्यांनी काय करायचं?"

बाई, मी तीसएक वर्षं कोल्हापुरात हौशी नाटकांचं नेपथ्य करतोय आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची नाट्यशिबिरं घेतोय. तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : हो, शिकता येतं. मी स्वतः ते उशिरा शिकलो, म्हणून खात्रीनं सांगतो.

पहिली दहा वर्षं मला वाटायचं, कल्पक माणसाला वस्तूत दुसरंच काहीतरी दिसतं. बाटलीत रॉकेट, केरसुणीत दाढी, सुपात हत्तीचा कान. मी तसंच काम करायचो. एका स्पर्धेसाठी प्लॅस्टिकच्या तीनशे बाटल्या कापून वडाचं झाड केलं. महिनाभर रात्री जागून. पडदा उघडल्यावर टाळी पडली. पुढचे दोन तास त्या झाडानं काहीच केलं नाही. हात लागला की ते कुरकुरायचं, म्हणून नट त्याच्यापासून अंग चोरून फिरत होते. म्हणजे माझ्या नेपथ्यानं नाटकाची जागा अडवली होती. ते फार लागलं मनाला.

पुढच्या वर्षी रंगाऱ्याकडून एक दुहेरी लाकडी शिडी भाड्यानं आणली. आधी ती तालमीच्या खोलीत नुसती ठेवून दिली आणि नटांना म्हटलं, हिच्याशी खेळा, संवाद नंतर. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या शिडीचं घर झालं होतं, बाप वरच्या पायरीवर आणि मुलगा खालच्या पायरीवर बसला की दोघांतलं न बोललेलं सगळं दिसत होतं, आणि शेवटी शिडी मिटून चौघांनी खांद्यावर घेतली तेव्हा ती तिरडी होती. शिडी दिसायला शेवटपर्यंत शिडीच राहिली. पण ती उघडते, मिटते, तिच्यावर चढता येतं, एकाला वर आणि एकाला खाली ठेवता येतं, ती खांद्यावर घ्यावी लागते. तेव्हापासून वस्तू कशासारखी दिसते हे मी विचारत नाही. ती काय काय करते, एवढंच विचारतो. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याचा विस्तार.

आपल्या कोल्हापुरात याचं सगळ्यात मोठं उदाहरण घडलेलं आहे. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर, नात्यानं भाऊ, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमा काढायची ओढ लागली, पण कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर आणला आणि खोलून बघितला. दिसायला प्रोजेक्टर म्हणजे दिव्याची पेटी. पण आत फिल्म एक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते, पुन्हा सरकते. कॅमेऱ्यातही फिल्मला हेच करायचं असतं. फरक उजेडाच्या दिशेचा : एकात तो आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. ल्यूमिएर बंधूंचं १८९५ मधलं यंत्र तर चित्रण आणि प्रक्षेपण दोन्ही एकाच पेटीतून करायचं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन काम चालू ठेवलं आणि १९१८ मध्ये कोल्हापुरात तयार झालेला कॅमेरा चालू झाला. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा सिनेमा पडद्यावर आला. पडदे रंगवणाऱ्या माणसानं यंत्राचं रूप बाजूला ठेवून यंत्राचं काम पाहिलं, म्हणून हे झालं. मुलांना हा प्रसंग मी दर शिबिरात सांगतो. जुनं घड्याळ किंवा बिघडलेला टेबलफॅन त्यांच्यापुढे खोलून सांगितला तर जास्त पोचतो.

आता सराव कसा करायचा. एक वस्तू हातात घ्या. डोळे मिटा. दहा मिनिटं ती वस्तू हाताळा आणि मनातल्या मनात फक्त क्रियापदं म्हणा. नामं नाहीत, विशेषणं नाहीत आणि 'सारखं' हा शब्द तर अजिबात नाही. पोतं घेतलंत तर : टोचतं, सांडतं, झाकतं, भिजतं, जड होतं, उसवतं, धूळ उडवतं, वास धरतं, उभं राहतं, कलंडतं. पहिली सात-आठ सहज येतात. मग अडतं. खरं काम त्या अडण्यानंतर सुरू होतं, म्हणून वीस झाल्याशिवाय सोडायचं नाही. भरलेलं पोतं उभं राहतं आणि रिकामं कोसळतं, हे कुणाच्या तरी पंधराव्या-सोळाव्या नंबरला येतं, आणि तिथं एखाद्या शेतकऱ्याच्या घराचा अख्खा प्रसंग असतो.

शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेतला अनुभव सांगतो. २०१९ च्या महापुरानंतरचा हिवाळा. भिंतींवर पाण्याची रेघ अजून तशीच होती, माझ्या डोक्याच्याही वर. मी मुलांना सांगितलं होतं, घरातली एक वस्तू आणा, पुरातून वाचलेली असली तरी चालेल. कुणी तांब्या आणला, कुणी देवाचा टाक, एका मुलीनं शाळेचं प्रगतिपुस्तक. सहावीतला एक मुलगा जनावराचं दावं घेऊन आला. अर्धंच.

क्रियापदांचा खेळ सुरू केला. बांधतं. ओढतं. काचतं. सुटतं. "सुटत न्हाई सर," तो म्हणाला. मी विचारलं, का? म्हणाला, "भिजल्यावर गाठ आवळती. हातानं सुटत न्हाई. आज्ज्यानं विळ्यानं कापलं."

वर्गात कुणी काही बोललं नाही. सगळ्यांच्या घरी तेच झालेलं होतं. सुती दोरी काय, तागाची काय, पाण्यानं फुगते आणि गाठ गच्च बसते. हे आपण सगळे जाणतो. पण पाणी गोठ्यात शिरल्यावर कंबरभर पाण्यात उभं राहून ती गाठ सोडायला बघणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाताला ते वेगळं कळतं. त्या मुलानं ते पाहिलेलं होतं आणि अर्धं दावं जपून ठेवलं होतं. मी दहा वर्षं डोकं खाजवलं असतं तरी हे मला सुचलं नसतं.

त्या दाव्यावर आम्ही बारा मिनिटांचं नाटक बसवलं. गाईला गाय केलं नाही, शिंगं नाहीत, शेपूट नाही. एका मुलाच्या मनगटाला ओलं दावं बांधलं आणि दुसऱ्यानं ते खरोखर सोडायचा प्रयत्न करायचा. रोजच्या तालमीत गाठ खरीच भिजवून मारायची. ती सुटायला कधी एक मिनिट लागायचं, कधी सुटायचीच नाही. त्यामुळे नाटक दर वेळी वेगळं व्हायचं आणि मुलांना खोटं काही करावं लागायचं नाही.

पाणी दाखवायला सगळे निळी साडी हलवतात. आम्हीही आधी हलवली. एक मुलगी म्हणाली, पाणी असं आलं नव्हतं. खरं होतं ते. आपल्याकडचा पूर लाटा मारत येत नाही, तो चढतो. गुपचूप. तुम्ही चहा प्यायला वळता आणि परत बघता तोवर एक पायरी गेलेली असते. मग दोन मुलांनी साडी ताणून सपाट धरली, अजिबात न हलवता, आधी घोट्याशी, मग गुडघ्याशी, मग कमरेशी. बाकीची मुलं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ओरडून सांगायची, जशी त्या दिवसांत घराघरांत सांगितली जायची : "एकोणचाळीस फूट, इशारा!" आणि मग "त्रेचाळीस फूट, धोका!" आकडा वाढेल तशी साडी वर. पालकांत बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. साडीत काही विशेष नव्हतं, जुनी वायलची होती.

तुमची शाळा तर राधानगरीत. पुराचं दुसरं टोक तुमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे आहे. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबानं उघडतात, माणूस बटण दाबत नाही. एक दरवाजा उघडला की खालच्या गावांचे फोन वाजायला लागतात. सात मुलं, सात पाट किंवा सात जुन्या फळ्या. कुठली फळी कधी उघडणार हे कुणालाच आधी माहीत नाही, पाठीमागून ढकलणारी मुलं ठरवणार. पुढे उभ्या असलेल्या मुलांनी त्याप्रमाणे वागायचं. हे बसवून बघा. मला हा प्रसंग फार दिवस करायचा आहे, तुम्ही केलात तर जास्त खरा होईल.

कुठं बघायचं, हेही सांगतो. लोक निसर्गरम्य ठिकाणी जातात, रंकाळ्यावर संध्याकाळी बसतात. बसावं, मलाही आवडतं. पण सुचण्यासाठी मी जातो ते जिथं काहीतरी दुरुस्त होत असतं तिथं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधतो. शिवाजी उद्यमनगरमध्ये एखादा मिस्त्री यंत्राच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाला धरतो आणि बेअरिंग कुठं बोलतंय ते ऐकतो. कल्हईवाला आता दिसत नाही, पण शेगडीचा भाता फुंकणारे अजून आहेत. वस्तू बिघडली की तिचं काम उघडं पडतं. चालत्या वस्तूकडे कुणाचं लक्ष जात नाही.

गुऱ्हाळावर जा, हंगाम असेल तेव्हा. रस काढून उरलेलं चिपाड वाळवून रस उकळणाऱ्या काहिलीखालीच जाळतात, म्हणजे उसाचा रस उसानंच आटतो. रसातली मळी वर आणायला रानभेंडीचा चिकट रस घालतात. भेंडी चिकटते हे प्रत्येक बाईला माहीत असतं आणि चिकटते म्हणून ती कापताना त्रासही होतो. तोच चिकटपणा कुणीतरी गूळ स्वच्छ करायला लावला. हलगीवाला मिरवणुकीआधी पाचट पेटवून हलगी शेकतो, कारण दमट हवेत कातडं सैल पडतं. आणि आपली वाकळ, म्हणजे गोधडी, बघा : बायका तिच्यात नवं कापड कधी घालत नाहीत, कारण शंभरदा धुतलेलं लुगडंच अंगाला मऊ लागतं. झिजणं हा त्या कापडाचा गुण म्हणून वापरलेला आहे. हे सगळं कल्पकतेचंच काम आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही.

चपलांचा एक सराव मोठ्या मुलांकडून आणि नटांकडून मी नेहमी करून घेतो. कोल्हापुरी पायताण या कामाला फार चांगलं, कारण ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचं, वादीनं शिवलेलं असतं आणि घालणाऱ्याच्या पायाचा आकार घेतं. घरातल्या सगळ्यांच्या जुन्या चपला ओळीनं उलट्या ठेवा आणि तळ बघा. एकाची टाच बाहेरून झिजलेली, एकाचा अंगठा खोल गेलेला, एकाचा डावा तळ उजव्यापेक्षा पातळ. आता त्या झिजेप्रमाणे चालून बघा. टाच बाहेरून झिजवायची तर गुडघे कसे पडतात, कंबर कुठं जाते, मान कुठं येते? दहा पावलांत तुमच्या अंगात दुसरा माणूस येतो. कुणाची नक्कल न करता. एका शिबिरात एका मुलीनं वडिलांच्या चपलेवरून चालून दाखवलं आणि थांबून म्हणाली, "पप्पांचा उजवा पाय दुखतोय." त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं.

वही ठेवा की नको, मोबाईलवर फोटो काढू की नको, हे लोक खूप विचारतात. ठेवा, काढा. फक्त फोटो काढल्यावर हात लावायचा राहतो, म्हणून मी आधी हात लावतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न : मुलं अडखळली तर काय? आयत्या वेळी सुचणं, ज्याला गाणारी मंडळी उपज म्हणतात, ते आयत्या वेळी जन्मत नाही. कुस्त्यांचं खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह शेजारी शेजारी आहेत, दोन्ही शाहू महाराजांनी बांधलेली, आणि मला ती एकाच गोष्टीची दोन अंगं वाटतात. तालमीत पैलवान लाल मातीत रोज जोर करतो. एक डाव शेकडो वेळा, त्याची तोड शेकडो वेळा. मग मैदानात समोरच्यानं पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, हात घातला की विचार करायला वेळ नसतो, अंग आपोआप वळतं. बघणाऱ्याला वाटतं, काय सुचलं! तमाशातली बतावणी, म्हणजे विनोदी सवाल-जवाब, तीही तशीच. सोंगाड्यापुढे लिहिलेलं पुस्तक नसायचं. समोर बसलेल्या पाटलाच्या फेट्यावरून, कुणाच्या खोकल्यावरून तो विनोद उचलायचा. पण त्यामागे शेकडो रात्री असायच्या.

मुलांसाठी याचा खेळ मी असा करतो. खांद्यावरचा साधा टॉवेल घ्या, इचलकरंजीच्या मागावरचा असतो तसा. गोल बसा. पहिला मुलगा टॉवेलनं काहीतरी करतो, समजा पिळतो. दुसऱ्यानं तेच करायचं, पण त्यात एक गोष्ट बदलायची : पिळतो, पण पाणी येत नाही. तिसरा तेवढं उचलतो आणि पुढे नेतो : पाणी येत नाही म्हणून आभाळाकडे बघतो. नवीन काही आणायचं नाही, शेजाऱ्यानं दिलेलं घ्यायचं आणि एका बोटानं ढकलायचं. पहिल्या दिवशी मुलं घाबरून मोठमोठं काहीतरी करतात, साप करतात, तलवार करतात. करू द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ती शेजाऱ्याकडे बघायला लागतात. ज्या मुलाचं शेजाऱ्याकडे लक्ष आहे तो स्टेजवर अडखळला तरी एकटा पडत नाही.

आणि दुसरी गोष्ट, प्रत्येक मुलाच्या हाताला खरं काम द्या. खोटं नको. लसूण सोलायचा तर खराच लसूण सोलायचा. शेंगा फोडायच्या तर खऱ्या. वाक्य विसरलं तरी हात चालू राहतात, आणि सोलता सोलता बहुतेक वेळा वाक्य परत येतं. आलं नाही तरी लोकांपुढे एक मूल लसूण सोलत बसलेलं आहे, त्यात चुकलेलं काय दिसणार?

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आम्ही रस्त्यावर उभे राहून बघितलं आहे. ज्या स्टेजवर आम्ही मोठे झालो ते डोळ्यांपुढे गेलं. त्यानंतर मी वाळलेलं पाचट, चिपाड, कागद, तरटाचे पडदे दिव्यांजवळ येऊ देत नाही. गॅदरिंगला मंडपवाले जुने हॅलोजन लावतात, ते हाताला चटका देण्याइतके तापतात. नेपथ्य आणि दिवा यांत दोन हात तरी अंतर ठेवा, विंगेत पाण्याच्या भरलेल्या बादल्या आणि वाळू ठेवा. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून आपल्या राज्यात बंदीच आहे आणि ते बरं झालं. बांबू, कापड, पाट, बादली यांनी भागतं. दोन मुलांना उचलता येणार नाही अशी कुठलीही वस्तू स्टेजवर नको.

तुमच्या वर्गात एखादं मूल असेल जे स्टेजवर यायलाच तयार नाही. त्याला विंगेत आवाजाचं काम द्या. माझे कितीतरी चांगले कलाकार तिथूनच आले. ढगांच्या गडगडाटासाठी पातळ पत्रा वरून टांगून खालच्या कोपऱ्याला धरून हलवायचा, जाड पत्रा नुसता दणकतो. पाखरांच्या थव्यासाठी जुनी छत्री झपाझप उघडायची-मिटायची. घोड्याला नारळाच्या करवंट्या. पावसासाठी सूप घ्या आणि त्यात धान्य सावकाश या कडेवरून त्या कडेला नेत राहा. शिरोळच्या वळवाला आम्ही ज्वारी वापरली होती. तुमच्याकडे झड लागते, थांबतच नाही, तिला मोहरी बरी. सूप बांबूचंच बघा. प्लॅस्टिकच्या सुपात पाऊस पडत नाही, गारा पडतात.